व्यवसायोपचाराचें शिक्षण

‘व्यवसायोपचार’ हा शब्द कानीं पडला, कीं पुष्कळांस वाटतें, आजाऱ्याला एखादा धंदा शिकविण्याची ही विद्या असावी. व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा उद्योग, हा रूढ अर्थ या गैरसमजाच्या मुळाशीं आहे. वस्तुतः येथें माणसाचा सारा दिवस अभिप्रेत आहे. सकाळीं दांत घासण्यापासून रात्रीं अंथरूण घालण्यापर्यंत मनुष्य ज्या ज्या कृतींत गुंतलेला असतो, तो प्रत्येक त्याचा व्यवसायच. लहान मुलाचें खेळणें हाही व्यवसाय.

अर्धांगाचा झटका आलेल्या एखाद्या गृहिणीचें उदाहरण घ्या. डॉक्टरांनीं तिचा जीव वांचविला. भौतिकोपचारानें पायांत बळ येऊन ती चार पावलें चालूंही लागली. परंतु वेणी कशी घालावी, एका हातानें कणीक कशी मळावी, हे प्रश्न तसेच उरतात. घरचीं माणसें मायेपोटीं सारीं कामें तिच्या हातून काढून घेतात, आणि कालपर्यंत घर चालविणारी बाई आपल्याच घरांत पाहुणी होऊन बसते. तिचें घर तिला परत मिळवून देणें हें व्यवसायोपचारकाचें काम आहे.

आतां विद्यापीठांत याचें शिक्षण कसें होतें तें पाहूं. आरंभीं शरीररचना, शरीरक्रिया आणि मानसशास्त्र. पुढें हाडांचे, मज्जातंतूंचे, मनाचे व बालकांचे विकार. इतका भाग वैद्यकाच्या जवळचा आहे. या विद्येचा स्वतःचा गाभा मात्र कृतीचें पृथक्करण हा होय. पोळी लाटणें ही साधी गोष्ट घ्या. लाटणें फिरवितांना खांदा, कोपर व मनगट कसे हलतात, बोटांची पकड किती लागते, दृष्टि व हात यांचा मेळ कसा बसतो, तवा तापत आहे हें ध्यानांत ठेवण्यास किती अवधान लागतें, हें सारें विद्यार्थ्यानें सुटें करून पाहावयाचें असतें. मग रुग्णाचें अडतें नेमकें कोठें, हें कळतें. त्यावर मार्ग तीन: गेलेली हालचाल अभ्यासानें परत आणणें, तें न जमल्यास कृतीची रीत बदलणें, किंवा साधन बदलणें. पोळपाट सरकूं नये म्हणून खालीं ओलें फडकें घालणें, चमच्याची मूठ जाड करणें, न्हाणीघरांत धरावयास दांडी बसविणें, असे उपाय दिसावयास क्षुल्लक; परंतु ज्याला त्यांची गरज आहे, त्याचें परावलंबन त्यांनीं कमी होतें.

हें केवळ पुस्तकांतून येत नाहीं. म्हणून या व्यवसायाच्या जागतिक महासंघानें प्रत्येक विद्यार्थ्यास किमान १,००० तासांचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक मानला आहे. हा महासंघ १९५२ सालीं स्थापन झाला, आणि त्याच्या संस्थापक देशांत भारत होता, ही अभिमानाची गोष्ट होय. तिचें श्रेय मुख्यतः कमलाबाई निंबकर यांना आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या आणि विवाहानें येथल्या झालेल्या या बाईंनीं अमेरिकेंत या विषयाचें शिक्षण घेतलें, आणि १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत भारतांतील पहिली व्यवसायोपचार शाळा उघडली. पुढें नागपूरलाही असें शिक्षण सुरू झालें. २०२१ सालीं संसदेनें केलेल्या कायद्यानें या व्यवसायाला देशव्यापी वैधानिक चौकट लाभली.

तरीही मुलगा वा मुलगी या वाटेनें जाऊं म्हणाली, कीं घरांत ‘मग डॉक्टरच कां नाहीं?’ हा प्रश्न निघतोच. दोन्ही कामें भिन्न आहेत, हें त्याचें उत्तर. येथें फळ हळूहळू येतें. एक गुंडी लावतां येण्यास कधीं कधीं आठवडेच्या आठवडे जातात. ज्याला घाई आहे, त्यानें या वाटेस न जावें हें बरें. परंतु दुसऱ्याची धडपड चालली असतां मदतीचा हात पुढें न करतां जवळ उभें राहण्याचा संयम ज्याच्या अंगीं आहे, आणि कोठें हात द्यावा हें ज्याला शिकावेंसें वाटतें, त्याला वडीलधाऱ्यांनीं अडवूं नये. वृद्धांची संख्या वाढत असलेल्या आपल्या समाजाला अशा माणसांची गरज पुढें अधिकच भासणार आहे.