नजर पुढे, हात मागे

फळ्यावरचा मजकूर वहीत उतरवून घेणारी मुले सारखी मान वर-खाली करताना आपण पाहतो. दोन शब्द लिहिले की वर, पुन्हा दोन शब्द, पुन्हा वर. ‘एकदा नीट बघ आणि सलग लिही,’ असे आपण बजावतो. हा उपदेश कितपत योग्य आहे? त्यासाठी डोळे आणि हात एकमेकांना कशी साथ देतात, हे समजून घ्यायला हवे.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. साधारणपणे त्या नखाएवढाच, म्हणजे सुमारे २ अंशांचा भाग आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. दृष्टिपटलाच्या मध्याजवळील एका लहानशा खळगीतच शंकुपेशींची सर्वांत जास्त दाटी असते. बाकीचे दृश्य त्यामानाने अंधुक असते. म्हणून नजर सेकंदाला सुमारे ३ वेळा उडी मारते. दोन उड्यांमध्ये ती क्षणभर थांबते, आणि तेवढ्यात माहिती टिपली जाते.

हात काम करत असतो तेव्हा या उड्या कुठे पडतात? इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील मायकेल लँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चहा करणाऱ्या माणसांच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवून हे पाहिले. १९९९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. नजर जवळजवळ प्रत्येक वेळी कामाच्या वस्तूवरच होती. किटलीला हात लागण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी डोळे तिच्यावर पोहोचत, आणि हातातले काम पुरते संपण्याआधीच पुढच्या वस्तूकडे निघून जात. थोडक्यात, डोळे हातावर पहारा ठेवत नाहीत. ते हातासाठी पुढची वाट पाहून ठेवतात.

हे वर्गातही पाहता येईल. टेबलावर पाच-सहा खडू विखरून ठेवा. एका विद्यार्थ्याला ते एकेक उचलून डब्यात टाकायला सांगा. दुसऱ्याने समोर बसून फक्त त्याच्या डोळ्यांकडे पाहायचे. बोटे खडूला टेकतात न टेकतात तोच नजर डब्याकडे वळलेली दिसेल.

हा अवधी लागतो कशाला? वस्तू डोळ्याला कुठे दिसते, एवढे कळून हाताचे भागत नाही. बुबुळे कोणत्या बाजूला वळली आहेत, मान किती कलली आहे, हात आत्ता कुठे आहे, या सर्वांचा मेळ घालून मेंदूला हाताचा मार्ग ठरवावा लागतो. या कामात मेंदूच्या पार्श्वखंडाचा मोठा वाटा असतो. नेम चुकला तर पुढच्या खेपेला तो सुधारण्यासाठी अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू लागतो.

आता फळ्याकडे वळू. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात डॅना बॅलार्ड, मेरी हेहो आणि जेफ पेल्झ यांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावरील रंगीत ठोकळ्यांचा नमुना पाहून तसाच नमुना रचायचा होता. मोठी माणसेसुद्धा नमुना पाठ करून मग रचत बसली नाहीत. एकाच ठोकळ्यासाठी ती बहुधा दोनदा नमुन्याकडे पाहत: एकदा रंग कळावा म्हणून, एकदा जागा कळावी म्हणून. डोक्यात साठवण्यापेक्षा पुन्हा पाहणे मेंदूला स्वस्त पडते.

मग पुन्हा पुन्हा मान वर करणारे मूल आळशी किंवा दुर्लक्ष करणारे कसे म्हणावे? उतरवून घेण्याची ही स्वाभाविक रीत आहे. नवे मूळाक्षर किंवा अनोळखी शब्द असेल तर त्याला अधिक वेळा वर पाहावे लागणारच. आपण एवढे करू शकतो: ओळी सुट्या लिहाव्यात, लिहिलेल्या मजकुरासमोर उभे राहू नये आणि फळा पुसण्याची घाई करू नये. एखादे मूल मात्र नेहमीच ओळ चुकत असेल किंवा डोळे बारीक करून पाहत असेल, तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.