पहिलं फाउंडेशन घेताय? उजळ नको, जुळणारं घ्या

मरोळ नाक्यावर मेट्रो १ आणि भूमिगत मेट्रो ३ मिळतात. इथून सीप्झ, एमआयडीसीतल्या ऑफिसांकडे निघालेल्या मुलींच्या मेकअपची परीक्षा दमट हवा रोज घेते. नवशिक्यांची गडबड मात्र त्याआधीच, फाउंडेशन घेताना होते. गोरं दिसावं म्हणून एक-दोन शेड उजळ घेतली, की चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळी.

शेड कशी निवडावी?
दोन-तीन शेड जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. दुकानातल्या दिव्यांत रंग फसवा दिसतो. काही फाउंडेशन हवेत गडद होतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबावं. त्वचेत मिसळून दिसेनाशी होते, ती आपली शेड.

क्रम काय?
चेहरा धुऊन मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. काही मिनिटांनी फाउंडेशनचे मोजके ठिपके देऊन ओलसर स्पंजने थोपटावेत, चोळू नयेत. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर. शेवटी काजळ आणि लिपस्टिक. घाम आला तर टिश्यूने टिपावा. त्यावर पावडरचे थर चढवू नयेत.

काय सांभाळावं?
नवं प्रसाधन आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावं. खाज किंवा लाली आली तर वापरू नये. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार वेष्टनावर बॅच क्रमांक आणि वापराची मुदत हवी. ती नसलेली स्वस्त डबी टाळावी. काजळ मैत्रिणीलाही देऊ नये, डोळ्यांचा संसर्ग पसरतो. आणि कितीही उशीर झाला, तरी मेकअप उतरवूनच झोपावं.