रिकाम्या हौद्याची शर्यत

पिकअप ट्रकची मागची बाजू ओझ्यासाठी घडवलेली असते. हौद्यात गवताचे भारे, लाकडाच्या फळ्या, वाळू किंवा सिमेंट भरलं की मागचे पाटे दबतात, चाकं रस्त्याला घट्ट धरतात आणि गाडी शहाण्यासारखी चालते. हौदा रिकामा केला की चित्र उलटं होतं. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन सगळं पुढे असल्याने वजनातला साधारण ६० टक्के भाग पुढच्या चाकांवर राहतो, आणि इंजिनाचा जोर मात्र जातो मागच्या, हलक्या झालेल्या चाकांना. पहिल्या पावसात रिकामी पिकअप घेऊन चढावर निघालेल्या कुठल्याही ड्रायव्हरला ही गोष्ट ठाऊक आहे.

अमेरिकेतले हजारो हौशी लोक नेमकं हेच वाहन ड्रॅग रेसिंगच्या पट्टीवर नेतात. त्यांच्या तयारीकडे पाहिलं की यंत्रशास्त्राचा एक अख्खा धडा उलगडतो, आणि त्या धड्याची सुरुवात इंजिनापासून होत नाही.

शर्यत दिसायला अगदी सोपी आहे. दोन गाड्या, दोन सरळ लेन, उभ्या जागेवरून सुरुवात. अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. बऱ्याच लहान गावांच्या पट्ट्यांवर त्याच्या निम्मं, ६६० फूट. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातले तरुण हे प्रकार सार्वजनिक रस्त्यांवर आणि कोरड्या पडलेल्या तलावांच्या पात्रांत करत. त्यांना नियम आणि सुरक्षित जागा मिळावी म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. आज टीव्हीवर दिसतात त्या आग ओकणाऱ्या, लांबुळक्या गाड्या या खेळाचं एक टोक. दुसरं टोक म्हणजे आठवडाभर कामाला जुंपलेली आणि शनिवारी पट्टीवर येणारी घरची गाडी.

या दुसऱ्या टोकाला ‘ब्रॅकेट रेसिंग’ चालतं, आणि माझ्या मते हौशी खेळासाठी यापेक्षा न्यायी पद्धत शोधून सापडणार नाही. आपली गाडी पाव मैलाला किती सेकंद घेईल, याचा आकडा चालक आधीच जाहीर करतो. तो ‘डायल-इन’. पांढऱ्या बूट-पॉलिशने तो काचेवर मोठ्या अक्षरांत लिहितात. समजा, पिकअपने १४.२० लिहिलं आणि शेजारच्या लेनमधल्या शेव्हरोले कॅमरो कारने ११.७०. मग पिकअपला हिरवा दिवा अडीच सेकंद आधी मिळतो. दोघांनी आपापला आकडा तंतोतंत पाळला, तर निकाल ठरतो तो कोण दिव्याला आधी प्रतिसाद देतो यावर. जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा कमी वेळ लागला तर तो ‘ब्रेकआउट’, म्हणजे बाद. दोघंही बाद झाले, तर कमी फरकाने मोडणारा जिंकतो.

हिशोब करून पाहू. पिकअपवाल्याला हिरव्या दिव्यानंतर निघायला ०.०६० सेकंद लागले आणि त्याची गाडी १४.२३ मध्ये पोहोचली. एकूण तूट ०.०९०. कॅमरोवाला ०.११० ने निघाला आणि ११.७१ मध्ये पोहोचला. तूट ०.१२०. म्हणजे ओझ्याची गाडी तीन शतांश सेकंदांनी जिंकली, आणि कॅमरोची जास्त ताकद तिथे कामाला आली नाही. जी गाडी दहा वेळा सोडली तरी दहाही वेळा तोच आकडा देते, ती इथे सोन्यासारखी. म्हणून पिकअप तयार करणं याचा खरा अर्थ, ती दर फेरीला सारखीच वागेल असं पाहणं.

अनुभवी लोक नवख्याला पहिला सल्ला देतात तो गाडीला हात न लावण्याचा. आहे तशी गाडी घेऊन ‘टेस्ट अँड ट्यून’च्या रात्री पट्टीवर जा. थोडी फी भरून कुणालाही तिथे गाडी पळवता येते. प्रत्येक फेरीनंतर हातात एक कागदी पावती येते. त्यात प्रतिसादाचा वेळ असतो. मग ६०, ३३०, ६६०, १००० आणि १३२० फुटांवरचे वेळ, आणि शेवटचा वेग. यातला ६० फुटांचा आकडा सर्वांत बोलका. तिथे वाचलेला एक दशांश सेकंद शेवटी साधारण दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो. रिकाम्या पिकअपची सगळी रड या पहिल्या ६० फुटांत असते.

आता मागच्या एक्सलपाशी येऊ, कारण पैसे आणि डोकं दोन्ही आधी इथे लागायला हवं.

इंजिन चाकांना पुढे फिरवतं, तेव्हा एक्सलचं आवरण उलट्या दिशेने फिरू पाहतं. प्रोपेलर शाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडला जातो, ते नाक वर उचललं जातं. पिकअपमध्ये हा एक्सल फक्त पाट्यांच्या आधाराने बसवलेला असतो. पाटे वरून येणारं ओझं झेलायला उत्तम, पण या पिळाला त्यांच्याकडे उत्तर नसतं. ते पुढे-मागे वेडेवाकडे वाकतात आणि इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे होतात. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की टायर सुटतो, पाटा फटकन सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पाटा पुन्हा वाकतो. सेकंदात अनेकदा हे घडतं आणि मागची बाजू अक्षरशः उड्या मारते. याला ‘व्हील हॉप’ म्हणतात. त्यात वेळ तर जातोच, शिवाय शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शियलचे दाते, कधी अख्खा एक्सल मोडतो. चाकं उड्या मारायला लागली की पाय ताबडतोब उचलायचा, हा पट्टीवरचा पहिला धडा.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. एक्सलपासून पाट्याच्या पुढच्या टोकापर्यंत जाणारी लोखंडी दांडी बसवायची. तिला ‘ट्रॅक्शन बार’ म्हणतात. एक्सल फिरू लागला की दांडीचं टोक वर जाऊन पाट्याच्या पुढच्या डोळ्यापाशी टेकतं आणि पीळ तिथेच थांबतो. बोनस असा की, तोच जोर टायरला खाली दाबतो. पुढच्या बाजूला याच्या उलट, सैल शॉक ॲब्सॉर्बर लावतात. गाडी सुटताना नाक सहज वर उचललं गेलं की भार मागे सरकतो.

याच बाबतीत १९६० च्या दशकातल्या शेव्हरोले सी-१० पिकअपची गोष्ट सांगायला हवी. बहुतेक ट्रक पाट्यांवर चालत असताना या गाडीच्या मागे कॉइल स्प्रिंग होते, आणि एक्सलला पुढून धरून ठेवणारे दोन लांब बाहू. ती रचना इतकी भरवशाची ठरली की नॅस्कारच्या शर्यतींच्या गाड्यांनी ती उचलली आणि तिथे तिचं नाव ‘ट्रक आर्म’ असंच राहिलं. शेतावरच्या गाडीचा सांगाडा देशातल्या सर्वांत प्रसिद्ध शर्यतमालिकेत जाऊन बसला, याचा मला फार आनंद वाटतो.

ताकदीपेक्षा रेषेवरची पकड मोठी, याचा पुरावा जीएमसीच्या सायक्लोनचा. १९९१ मध्ये आलेल्या या छोट्या पिकअपमध्ये ४.३ लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन होतं, २८० अश्वशक्तीचं. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने तिला फेरारी ३४८ च्या शेजारी उभं केलं, तेव्हा पाव मैलात पिकअप पुढे राहिली: १४.१ सेकंद विरुद्ध १४.५. ताकद फेरारीचीच जास्त होती. पण सायक्लोनमध्ये चारही चाकांना जोर मिळत होता, ३५ टक्के पुढे आणि ६५ टक्के मागे, त्यामुळे तिने रेषेवरून निघताना काहीच वाया घालवलं नाही.

वजनाचा प्रश्न पिकअपमध्ये दुहेरी आहे. हलकी गाडी जोरात पळते, सुमारे १०० पाउंड कमी केले की पाव मैलात दशांश सेकंदाच्या आसपास वाचतो. पण हौद्याचं मागचं फाळकं काढून ठेवलं तर वजन जिथे हवं तिथलंच कमी होतं. फाळकं पाडून ठेवल्याने वारा कमी अडतो, असाही एक लाडका समज आहे. प्रत्यक्षात बंद हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून सरकत जाते, त्यामुळे ते बंद असलेलंच बरं. कमी करायचंच तर पुढचं वजन कमी करावं. बॅटरी इंजिनापासून उचलून हौद्यात मागच्या चाकाजवळ बसवणं हा आवडता उपाय. मात्र मग वीज तोडणारा मुख्य स्विच गाडीच्या मागे, बाहेरून हाताला येईल असा लावावाच लागतो. बर्फाळ प्रदेशात लोक हिवाळ्यात हौद्यात वाळूच्या गोण्या टाकून गाडी चालवतात. पट्टीवर ते चालत नाही. असोसिएशनच्या नियमपुस्तकात वाळू, दगड, पाणी असल्या सुट्या ओझ्याला बंदी आहे. वजन घालायचं असेल तर ते धातूचं हवं आणि चासीला बोल्टने आवळलेलं हवं.

टायर बदलले की फरक लगेच दिसतो. मऊ रबराचे ‘ड्रॅग रेडियल’ किंवा नक्षी नसलेले ‘स्लिक’ लावतात आणि त्यांत हवा अगदी कमी ठेवतात. रस्त्यावर ज्या टायरमध्ये ३५ पाउंड हवा असते, तिथे रेडियलमध्ये १६ ते २० आणि स्लिकमध्ये त्याहूनही कमी. सुरुवातीच्या रेषेआधी पाण्याचा एक ओला पट्टा असतो. तिथे मागची चाकं भिजवून जागच्या जागी फिरवतात, धूर निघतो, रबर तापून चिकट होतं. प्रेक्षकांना हा तमाशा वाटतो, पण तो टायर साफ करण्याचा आणि तापवण्याचा भाग आहे. दर फेरीला तितकेच सेकंद चाकं फिरवायची आणि हवा दर फेरीआधी मोजायची, तरच आकडा जाग्यावर राहतो. उंच टायरच्या पिकअपला एक बारकावाही सांभाळावा लागतो. चाक मोठं असलं की रेषेवरचा प्रकाशकिरण त्याच्या आड जास्त वेळ राहतो, त्यामुळे गाडी निघाली तरी घड्याळाला ते किंचित उशिरा कळतं. चालकाने तो उशीर गृहीत धरून, हिरव्याआधी लागणाऱ्या पिवळ्या दिव्यांतला तिसरा लागताक्षणी निघायचं असतं. हिरव्याची वाट पाहिली की शर्यत गेली.

गिअरबॉक्सच्या बाबतीत ऑटोमॅटिकच बरा, कारण क्लच सोडताना माणसाचा पाय दर वेळी वेगळा पडतो. जनरल मोटर्सचा दोनच गिअरांचा ‘पॉवरग्लाइड’ १९७३ मध्ये गाड्यांतून बंद झाला, पण ड्रॅगवाले तो अजून वापरतात. एकच गिअर बदलायचा, म्हणजे चुकायची संधीही एकच. जास्त आरपीएमवर पकडणारा टॉर्क कन्व्हर्टर बसवला की गाडी रेषेवरून जोमात निघते; सोबत ऑइल थंड करणारा कूलर मात्र हवा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. हौशी लोकांची आवड सध्या भंगारातल्या ५.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनावर आहे. शेव्हरोले सिल्व्हराडोमध्ये ते लाखोंनी आलं, लोखंडी ब्लॉकचं आहे आणि मार सोसतं. एस-१० या लहान पिकअपमध्ये ते बसवणं हा आता जवळपास ठरलेला मार्ग. ठोकताळ्याचं सूत्र सांगतं की चालकासकट ३४०० पाउंडांची गाडी ३०० अश्वशक्तीवर पाव मैल १३.१ सेकंदांत कापते, तर त्याच ताकदीवर ४६०० पाउंडांच्या मोठ्या पिकअपला साडेचौदा लागतात.

सुरक्षेत तडजोड नको, आणि इथे मी हट्टी आहे. पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापला की हेल्मेट सक्तीचं. जुन्या ट्रकला ११.४९ वर रोल बार, ९.९९ वर पूर्ण पिंजरा आणि चालकाला वेगळा परवाना. प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती पोलादी कडं बसवायला फार खर्च येत नाही. क्रॉस तुटून शाफ्ट खाली पडला आणि जमिनीत रुतला, तर धावती गाडी त्यावर टेकून उलटू शकते. पिकअपचा शाफ्ट लांब असल्याने हे कडं नियमाची वाट न पाहता लावावं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी भरतात, कारण सांडलेलं कूलंट पट्टीवर तेलासारखं निसरडं होतं आणि मागून येणाऱ्याच्या जिवावर बेततं.

ही पट्टी मिळणंच आता अवघड होत चाललं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. तिथून जवळच इंग्लिशटाउनची ड्रॅग पट्टी १९६५ पासून होती. जानेवारी २०१८ मध्ये ती बंद झाली. डेन्व्हरजवळची, समुद्रसपाटीपासून ५८०० फुटांवरची बँडिमिअर पट्टी २०२३ च्या हंगामानंतर गेली. आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ होते, त्यात पाव मैल मोजून पळता येतं. अशा जागा टिकल्या नाहीत, तर वेगाची हौस पुन्हा सार्वजनिक रस्त्यावर येते आणि तिथे वाटेत माणसं असतात.

बाद फेऱ्या बहुतेकदा संध्याकाळी रंगतात. दुपारच्या तापलेल्या, विरळ हवेत १४.२० देणारी पिकअप सूर्य कलल्यावर गार, दाट हवेत १४.१० सुद्धा देऊ शकते, आणि काचेवर जुनाच आकडा राहिला तर ब्रेकआउट ठरलेला. म्हणून मुरलेले लोक वही ठेवतात. प्रत्येक फेरीची वेळ, तापमान, दमटपणा, हवेचा दाब, टायरमधली हवा, इंजिनाचं तापमान, टाकीतलं पेट्रोल, ६० फुटांचा आकडा. पुढच्या फेरीला नाव पुकारलं की वही उघडायची, अशाच हवेतली मागची फेरी शोधायची, आणि मग काचेवरचा आकडा पुसून नवा लिहायचा.