सर्व्हिसिंगनंतर बोटीचं इंजिन तापतंय? आधी विचारा, हात कुठे कुठे लागला

एरवी आपण इथे हिशेब, हप्ते, भाव ठरवणं, उधारी वसूल करणं याबद्दल बोलतो. आज थेट इंजिनात शिरायचंय. ज्यांचं घर प्रवासी फेऱ्यांवर, डॉल्फिन दाखवायच्या सफरींवर किंवा मासेमारीवर चालतं, त्यांच्या ताळेबंदातली सगळ्यात मोठी वस्तू बोटीच्या पोटात बसलेली असते. ती बंद पडली की बाकीचे सगळे आकडे कागदावरच राहतात. व्हिडिओत वेळेअभावी बरंच सुटलं, ते इथे सविस्तर देतोय.

आपल्या किनाऱ्यावर मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. प्रवासी आणि पर्यटनाच्या बोटीही पावसाळ्यात बंद. मग बोटी वर ओढायच्या, शाकारायच्या, तळाला रंग मारायचा आणि इंजिनाचं सर्व्हिसिंग उरकून घ्यायचं. सगळ्यांचं काम एकाच महिन्यात आल्यामुळे मिस्त्री एका दिवसात चार बोटींवर धावत असतो. बोट पाण्यात जाते, नारळ फुटतो, पहिली फेरी निघते आणि अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागतो. मालक म्हणतो, "अरे, आत्ताच तर हजारो रुपये घालून सर्व्हिसिंग केलं!"

त्यामुळेच तापतंय, हे बहुतेक वेळा खरं असतं. मे महिन्यात इंजिन बंद केलं तेव्हा ते व्यवस्थित चालत होतं ना? मग मधल्या काळात बदललं काय? मिस्त्रीचा हात जिथे लागला ते, आणि दोन महिने उभं राहिल्यामुळे जे झालं ते. शोध या दोनच जागांपासून सुरू करायचा. पण धक्क्यावर उभे असलेले चार जाणकार लगेच म्हणतात, "हेड गेलं असणार." हेड उतरवलं की खर्च वाढला, आठवडा गेला, आणि दोष मात्र दुसरीकडेच, एखाद्या झाकणाच्या रबरी रिंगमध्ये बसलेला.

म्हणून पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही, मिस्त्रीला फोन करण्याचं. "काय बिघडवलंस?" असं विचारू नका, तो फोन ठेवून देईल. "काय काय उघडलं होतंस?" असं विचारा. इम्पेलर बदलला? कूलंट काढून नवं भरलं? थर्मोस्टॅट काढला होता? पट्टा बदलला? तळाला रंग कोणी मारला? उत्तरं कागदावर लिहून घ्या. दोष बहुधा त्या कागदावरच असतो.

आता पाणी कसं फिरतं ते एकदा नीट समजून घेऊ. बोटीच्या बहुतेक आतल्या डिझेल इंजिनांत पाण्याचे दोन रस्ते असतात. समुद्राचं पाणी तळाच्या व्हॉल्व्हमधून, म्हणजे सी-कॉकमधून आत येतं, जाळीच्या गाळणीतून जातं, रबरी पंख्याचा पंप ते ओढतो, हीट एक्स्चेंजरमधून फिरवतो आणि शेवटी एक्झॉस्टमध्ये सोडतो. धुराबरोबर बाहेर पडतं ते हे पाणी. दुसरा रस्ता बंद असतो. त्यात कूलंट असतं, ते इंजिनाच्या अंगातून फिरून उष्णता गोळा करतं आणि हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राच्या पाण्याला देतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. छोट्या जुन्या इंजिनांत समुद्राचं पाणीच थेट इंजिनातून फिरतं. त्यांना खालचा कूलंटचा भाग लागू नाही, बाकी सगळं लागू आहे.

तर इंजिन सुरू करा आणि आधी मागे जाऊन एक्झॉस्ट बघा. पाणी नेहमीसारखं पडतंय का? मे महिन्यात कसं पडत होतं ते आठवत नसेल तर तांडेलाला विचारा, त्याला आवाजावरून कळतं. पाणी येतच नाही, किंवा कमी येतंय आणि पांढरी वाफ जास्त दिसतेय, तर दोष समुद्राच्या पाण्याच्या रस्त्यावर. इंजिन बंद करा आणि बाहेरून आत या क्रमाने शोधा.

सी-कॉक उघडा आहे का? हसू नका. इंजिन लवकर पकडत नसेल तर बराच वेळ सेल्फ मारताना सी-कॉक बंद ठेवतात, नाहीतर एक्झॉस्टमध्ये साचलेलं पाणी उलटं इंजिनात जाऊ शकतं. मग इंजिन पकडतं, सगळे खूश होतात आणि व्हॉल्व्ह तसाच राहतो. याला सोपा उपाय आहे. सी-कॉक बंद केला की इंजिनाची चावी त्याच्याच दांड्याला अडकवायची. चावी घ्यायला गेलात की व्हॉल्व्ह समोर येतो.

व्हॉल्व्ह उघडा असेल तर तळाकडे लक्ष द्या. रंगवणाऱ्याने पाणी आत घेणाऱ्या जाळीवरूनही ब्रश फिरवलाय का? रंगाच्या दोन हातांत ती छोटी भोकं बुजतात. बोट पाण्यात असताना हे तपासायला सी-कॉक बंद करून त्यावरचा पाइप काढायचा आणि व्हॉल्व्ह क्षणभर उघडायचा. पाणी जोरात उसळलं तर रस्ता मोकळा. हे करताना एकाचा हात व्हॉल्व्हच्या दांड्यावरच हवा, कारण तिथून बोटीत समुद्र येतोय.

पुढे गाळणी. तिच्या झाकणाची रबरी रिंग मुडपली असेल, किंवा झाकण वाकडं बसलं असेल, तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. बाहेरून थेंबही गळत नाही, त्यामुळे संशय येत नाही. आणखी एक गोष्ट: बोट दोन महिने वर होती, म्हणजे पाइप आणि गाळणी कोरडी झालेली. पंप पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर त्याला पहिला घोट द्यावा लागतो. गाळणी पाण्याने काठोकाठ भरून, झाकण लावून, मग इंजिन सुरू करायचं.

आता इम्पेलर, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हा पंखा पाण्यानेच थंड राहतो आणि पाण्यानेच वंगण मिळवतो. कोरडा फिरला तर थोड्याच वेळात त्याच्या पाकळ्या जळतात, तुटतात. म्हणजे बघा, सी-कॉक बंद राहिला ही पहिली चूक, आणि त्यामुळे काल बसवलेला नवा इम्पेलर गेला हा दुसरा दोष. तुम्ही व्हॉल्व्ह उघडता आणि तरी पाणी येत नाही. म्हणून पाणी नसताना इंजिन चाललं असेल तर पंपाचं झाकण उघडून पंखा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुना इम्पेलर काढला तेव्हा त्याच्या सगळ्या पाकळ्या होत्या का, हे त्याहून महत्त्वाचं. दोन पाकळ्या तुटलेल्या असतील तर ते तुकडे हवेत विरत नाहीत. पाण्याबरोबर पुढे जातात आणि हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी किंवा एखाद्या वळणात अडकून बसतात. जुना पंखा कमकुवत होता तोवर इंजिन कसंबसं चाललं. नवा बसवल्यावर पाण्याचा जोर वाढला आणि तुकडे सरकून नेमके अरुंद जागी रुतले. मालकाला वाटतं, नवा पार्टच खराब निघाला. म्हणून नियमच करा, जुना इम्पेलर मिस्त्रीकडून मागून घ्यायचा आणि पाकळ्या मोजायच्या. जितक्या कमी, तितके तुकडे शोधून काढायचे. एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण उघडलं की बहुतेक वेळा तिथेच सापडतात. झिंकची कांडी झिजून तिचे तुकडेही तिथेच साचतात, तेही काढून टाका.

एक्झॉस्टला पाणी भरपूर येतंय आणि तरी इंजिन तापतंय? मग मोर्चा कूलंटकडे. कूलंट बदललं असेल तर पहिला संशय आत अडकलेल्या हवेवर. वरून टाकी भरलेली दिसते, पण आत हवेचा फुगा बसलेला असतो आणि कूलंट फिरत नाही. त्यात बोट किनाऱ्यावर तिरकी उभी असताना भरलं असेल तर हवा हमखास राहते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हवा काढायचे स्क्रू असतील तर ते सैल करून, तिथून कूलंट येईपर्यंत सावकाश भरा. मग झाकण काढून ठेवूनच इंजिन संथ चालवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा पुन्हा भरा आणि झाकण लावा. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते तोंडावर येतं.

थर्मोस्टॅट काढला होता का? उलटा बसला असेल तर वेळेवर उघडत नाही. शंका असेल तर काढून जुन्या टोपात पाणी तापवून त्यात सोडा (घरातला चांगला टोप घेऊ नका, घरचे बोलतील ते वेगळं). त्यावर ८२ असा आकडा कोरलेला असेल तर साधारण ८२ अंशांना तो उघडायला लागला पाहिजे. "काढूनच टाका, थर्मोस्टॅटशिवाय मस्त चालतं" असा सल्ला बंदरावर फुकट मिळतो. घेऊ नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की कूलंट एक्स्चेंजरला वळसा घालून नुसतंच फिरत राहतं आणि इंजिन आणखी तापतं.

पट्टा सैल आहे का, झाकणाचं रबर कडक झालंय का, हे दोन मिनिटांत बघून होतं. काट्यावर मात्र आंधळा विश्वास नको. सर्व्हिसिंगमध्ये सेन्सरची वायर हलली की काटा खोटं बोलतो. लांबून तापमान मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. ते फार महाग नसतं, आणि थर्मोस्टॅटच्या घरावर रोखलं की खरं तापमान कळतं.

इंजिन संथ चालताना ठीक आणि वेग वाढवला की तापतं, असं असेल तर गोष्ट वेगळी. पाणी थोडं कमी पडतंय किंवा इंजिनावर ओझं जास्त आहे. एक्स्चेंजर अर्धा तुंबलेला, एक्झॉस्टच्या वळणात मीठ-काजळी साठलेली, पट्टा जोरात घसरणारा, पाणी ओढणारा मऊ पाइप आत चिकटणारा, नाहीतर तळाला आणि पंख्याला शिंपल्यांचा थर. या हंगामात खालचा पंखा बदलून मोठा बसवलाय का, हेही विचारा. तो इंजिनाला झेपत नसेल तर पाण्याची व्यवस्था कितीही चोख असली तरी काटा चढणारच.

समजा हे सगळं प्रवासी घेऊन निघाल्यावर घडलं. "एवढी फेरी पूर्ण करू, मग बघू" हा विचार सगळ्यात महागात पडतो. एका फेरीचं भाडं वाचवायला जाऊन हेड वाकतं, आणि मग खरंच हेड उतरवावं लागतं. वेग कमी करा, न्यूट्रलला आणा, एक्झॉस्ट बघा. पाणी येत असेल तर दोन-तीन मिनिटं संथ चालवून मग बंद करा. येत नसेल तर लगेच बंद. नांगर टाका, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर आहेत ना ते बघा, दुसऱ्या बोटीला फोन करा. प्रवाशांना खरं सांगा आणि पैसे परत करा. गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका. घाईत धातूला तडा जातो.

हे सगळं तपासून झालं, आणि कूलंट गळती न दिसता कमी होतंय, टाकीत बुडबुडे थांबत नाहीत, किंवा ऑइल दुधाळ दिसतंय, तर मात्र हेडबद्दल बोलायची वेळ आली. तेव्हा चांगला मिस्त्री बोलवा आणि घासाघीस करू नका.

आता पैशाचं. सर्व्हिसिंगचं पूर्ण बिल बोट वर असताना चुकवायचं नाही. ठरवतानाच बोला: काही रक्कम आधी, उरलेली पाण्यातल्या ट्रायलनंतर. ट्रायल म्हणजे धक्क्याला बांधून पाच मिनिटं घरघर नव्हे. प्रवासी न घेता, मिस्त्रीला बोटीवर घेऊन, नेहमीच्या वेगाने किमान अर्धा तास. दर दहा मिनिटांनी तापमान वहीत लिहायचं. उघडण्याआधी प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट एका डब्यात मालकाकडे. मिस्त्री कुरकुर करेल. त्याला सांगा, यात तुझाही फायदा आहे. पुढच्या महिन्यात इंजिन तापलं तर उगाच तुझ्या नावाने कोणी ओरडणार नाही. आणि त्या डब्यात इम्पेलर आला की त्याच्यासमोरच पाकळ्या मोजा.