कार्यकर्ती आली, गाव कुठे राहिलं?

विंधन विहीर गावात कुठे घ्यायची, हा आरोग्याचा प्रश्न आहे असं सत्तरच्या दशकात फारशा डॉक्टरांना वाटत नव्हतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना वाटलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं हे जोडपं आधी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होतं. बरी होऊन घरी गेलेली माणसं काही महिन्यांनी त्याच दुखण्यानं परत येत, कारण ज्या पाण्यानं आणि ज्या उपासमारीनं त्यांना पाडलं होतं, ते तसंच होतं. पुढे दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. तालुका कायम अवर्षणाचा, त्यात १९७२ चा दुष्काळ.

लोकांनी डॉक्टरांकडे औषध मागितलं नाही, पाणी आणि अन्न मागितलं. मग विंधन विहिरी आल्या. त्यातल्या अनेक जाणीवपूर्वक दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी हवं तर सवर्ण घरच्या बाईला कळशी घेऊन तिथं जावं लागे. गावातल्या पुरुषांना जात विसरून एकत्र आणायला आरोळ्यांनी व्हॉलीबॉलचे सामने भरवले, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. मागोमाग महिला मंडळं आली. आज ‘लोकसहभाग’ हा शब्द प्रत्येक शासन निर्णयात असतो. जामखेडला तो शब्द नव्हता, पण पाण्याच्या जागेपासून कार्यकर्तीच्या निवडीपर्यंतचे निर्णय गावात होत होते.

कार्यकर्तीची कल्पनाही गरजेतूनच आली. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार नव्हत्या आणि राहिल्या तरी गावातल्या बायका त्यांच्याशी मोकळ्या होत नव्हत्या. म्हणून गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची ठरलं. यातल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि शिकत: बाळंतपण कसं करायचं, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, कातडीवरचा बधिर चट्टा कसा ओळखायचा. प्रकल्पाच्या नोंदींनुसार सुरुवातीला हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. तीनच वर्षांनी आल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जगभरची घोषणा झाली, आणि १९७९ मध्ये या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच दशकात अलिबाग तालुक्यात मांडव्याला डॉ. नोशीर अंतिया यांनी असाच प्रयोग केला. मुंबईतले हे नामांकित प्लास्टिक सर्जन, कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करणारे. गावच्या बायकांना शिकवलं तर बहुतांश आजार गावातच हाताळता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पण बायका माहीतगार झाल्या, प्रश्न विचारू लागल्या, तशी स्थानिक पुढाऱ्यांची आणि सरकारी यंत्रणेची नाराजी वाढली. अखेर प्रकल्प आवरावा लागला. मला मांडव्याचा धडा जामखेडइतकाच मोलाचा वाटतो. गोरगरिबांचं आरोग्य सुधारायचं तर कुणाचा तरी शब्द गावात कमी चालणार, हे गृहीत धरूनच उतरावं लागतं.

लोकांना विचारून काम करणं गडचिरोलीत अधिक ठळक झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा असावा हे आदिवासींना विचारलं, तेव्हा तो आमच्या घरांसारखा असावा, असं त्यांनी सांगितलं. म्हणून तो झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आढळले. त्यांतल्या फार थोड्या बायकांची याआधी कधी तपासणी झाली होती. तोवर ग्रामीण बाईच्या अंगावरचं दुखणं मोजायचंच कुणाला सुचलं नव्हतं. अंगावर काढणं हेच तिच्या वाट्याला आलं होतं.

पुढचा प्रश्न नवजात बाळांचा. बाळंतपणं घरी होत, दवाखाना कोसांवर, आणि पहिल्या महिन्यातच बाळं जात. ३९ गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. बाळाचं वजन घेणं, त्याला उबेत ठेवणं, श्वास अडकला तर नळीनं किंवा फुग्यानं चालू करणं, जंतुदोषाची खूण दिसली तर इंजेक्शन देणं. थोडंफार शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शन? यावर वैद्यकीय वर्तुळात मोठा वाद झाला. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले: शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्याआधीच तिथं दारूविरोधी आंदोलन चाललं होतं आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. बाळाचं वजन आणि नवऱ्याची दारू यांचा संबंध त्या बायकांना कुणी शिकवावा लागला नाही.

सरकारनं यातलं बरंच उचललं. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यासोबत ‘आशा’ ही गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. २०११ पासून बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळ तपासण्याचं काम देशभर तिच्याकडे आलं. बेचाळीस दिवसांत सहा ते सात भेटी, त्याचे २५० रुपये. महाराष्ट्राचा बालमृत्युदर २०२० च्या नमुना नोंदणीत हजारी १६ आला. हे मोठं यश आहे, आणि त्यात पायपीट करणाऱ्या आशाताईचा वाटा फार मोठा आहे.

पण नेताना काहीतरी मागे राहिलं. जामखेडची कार्यकर्ती गावाला बांधलेली होती, तिच्यामागे शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ उभं असे. आशा कागदोपत्री गावाची, प्रत्यक्षात मात्र आरोग्य खात्याची शेवटची पायरी झाली. रजिस्टर, सर्वेक्षण, मोबाइलवरची ॲप, आणि मोबदला कामागणिक. २०२१ आणि २०२३ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा त्यांचं म्हणणं ऐकायला खातं होतं, गाव नव्हतं. गाव आरोग्य समिती अभियानानं प्रत्येक गावाला दिली, वर्षाला १० हजार रुपयांचा मुक्त निधीही दिला. तो खर्च करण्याआधी किती गावांत बैठका झाल्या, हे आपापल्या गावात विचारून पाहावं.

याला एक चांगला अपवाद २००७ पासून महाराष्ट्रातच घडला. ‘साथी’ संस्थेच्या समन्वयानं पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरीच उपकेंद्राला हिरवा, पिवळा, लाल शेरा देत आणि जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्याला समोर बसवून विचारत: औषधं बाहेरून का आणायला लावली? नर्सबाई मुक्कामी का नसतात? भीती होती ती भांडणांची. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांनाच बळ मिळालं, कारण मनुष्यबळ नाही हे त्यांचं गाऱ्हाणं आता लोक मांडू लागले.

जिथं अशी जोड नाही तिथं काय होतं, हे जामखेडला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात दिसलं. दिवाळीच्या आसपास तिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच अंगावर, आणि एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे दंड. पाळीत काम चुकवता येत नाही, कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, न्हाणी-संडास नसतो, अंगावरून पांढरं जाणं वाढत जातं. मग गावच्या आसपासच्या खासगी दवाखान्यात सांगितलं जातं, गर्भाची पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलं, की जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आहे.

त्यानंतर अशा शस्त्रक्रियेआधी परवानगी घेण्याची अट दवाखान्यांवर आली, आणि ती हवीच होती. पण खाडा आरोग्य खात्याच्या अखत्यारीत येत नाही. कोपीवरचं पाणी साखर कारखान्याच्या हद्दीतलं. उचल मुकादमाची. बाई सहा महिने घरच्या गावाबाहेर, म्हणजे तिच्या आशाताईच्या वहीबाहेर, आणि ज्या गावाच्या शिवारात ती ऊस तोडते तिथल्या आशाच्या वहीत ती पाहुणी. कारखाना, कामगार खातं, दोन्ही गावांच्या ग्रामपंचायती आणि आरोग्य केंद्र एका टेबलावर आल्याशिवाय तिची पाळी, तिचं बाळंतपण आणि तिच्या पोरांचं लसीकरण सुटणार नाही. कारखान्याला गाळप परवाना देतानाच टोळ्यांच्या तळावर पाणी, शौचालय आणि पाळीत पगारी सुट्टी यांची अट घालता येईल. टोळीतल्याच एका बाईला जामखेडसारखं शिकवून तिच्या कामाचं मानधन कारखान्याकडून घेता येईल. आणि या अटी पाळल्या की नाही, याचा हिरवा-लाल शेरा द्यायचा अधिकार त्या तळावरच्या बायकांकडे असायला हवा.