धामापूरचा तलाव आणि संगणकातले शेतकरी

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधला, असे सांगितले जाते. जागतिक सिंचन वारसास्थळांच्या यादीत त्याचा समावेश २०२० मध्ये झाला. अशा तलावाखालच्या वायंगणी भाताला पाणी कसे पुरवावे, असे विचारले तर विद्यार्थी सवयीने सरासरी काढतो : एकूण पाणी भागिले एकूण शेतकरी. पण सरासरी शेतकरी प्रत्यक्षात कोठेच नसतो. एकाचे शेत कालव्याच्या तोंडाशी असते, दुसऱ्याचे शेवटाला; तिसरा शेजाऱ्याचे पाहून लावणी ठरवतो.

एजंट-आधारित सिम्युलेशनची सुरुवात येथून होते. एजंट म्हटले की विम्याचा एजंट आठवतो. येथे मात्र एजंट म्हणजे संगणकातील एक स्वतंत्र घटक. प्रत्येकाला दोन-तीन साधे नियम द्यायचे आणि सर्वांना एकत्र सोडून काय घडते ते पाहायचे.

बालीचे उदाहरण या विषयात अभिजात मानले जाते. तेथे भातशेतीच्या पाण्याचे वेळापत्रक जलमंदिरांमार्फत ठरत असे. १९७० च्या दशकात सरकारने वारंवार पिके घेण्याचा आग्रह धरला. पाण्याची ओढाताण झाली आणि किडींचा उपद्रव वाढला. सर्वांनी एकदम लावणी केली तर कीड उपाशी मरते, पण पाणी एकाच वेळी लागते. प्रत्येकाने वेगळी केली तर याच्या उलट. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थातज्ज्ञ जेम्स क्रेमर यांनी १७२ पाणीवाटप संस्थांचे प्रारूप १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. नियम एकच : शेजाऱ्यांपैकी ज्याचे पीक सर्वांत चांगले, त्याचे वेळापत्रक उचलायचे. काही वर्षांतच संगणकात जे गट तयार झाले, ते मंदिरांच्या जाळ्याशी बरेच जुळणारे होते. वरून कोणी हुकूम दिलेला नव्हता.

नेमकी हीच गोष्ट विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही. पक्ष्यांच्या थव्यात ते म्होरक्या शोधतात, वाहतूक कोंडीत अपघात. युरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेली ‘नेटलोगो’ ही मोफत प्रणाली त्यासाठी उपयोगी पडते. तीत एजंटांना चक्क ‘कासवे’ म्हणतात.

हा केवळ वर्गातला खेळ नाही. कोरोनाकाळात, २०२० मध्ये, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी याच पद्धतीने मुंबईचे प्रारूप केले. घर, कार्यालय, लोकल गाडी यांतून संसर्ग कसा पसरेल, हे त्यात तपासले गेले.

धोका एवढाच की पडद्यावरचे हलते चित्र लगेच खरे वाटू लागते. म्हणून चांगला शिक्षक एकदाच्या निकालावर थांबत नाही. तेच प्रारूप शंभर वेळा चालवायला लावतो, एकेक नियम बदलायला लावतो. शेजारी खरोखरच एकमेकांचे अनुकरण करतात का, हे विचारायला विद्यार्थ्यांना कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत पाठवतो.