पंढरीचा बंदोबस्त आणि वारीची शिस्त

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की महाराष्ट्रातील भाविक घरांचे चित्त पंढरीकडे लागते. ज्यांना वारी घडते ते भाग्यवान. ज्यांना घडत नाही ते घरीच उपवास करून, तुळशीला पाणी घालून, दुरूनच विठुरायाच्या चरणी मस्तक ठेवतात. या पर्वकाळात नाममहिमा आणि संतचरित्रे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते उचितच आहे. आज मात्र याच सोहळ्याची एक निराळी, फारशी न गायिलेली बाजू आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ती आहे पोलिसांच्या आणि अग्निशामक दलाच्या पूर्वतयारीची.

पंढरपूर हे तालुक्याचे गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या लाखाच्या किंचित आतच होती. तेथील नगरपरिषद, पोलीस ठाणी, आगीचे बंब, रुग्णालय, नळाचे पाणी, सारे काही त्या लाखभर माणसांच्या मापाने उभे राहिलेले. आणि आषाढीला तेथे प्रशासनाच्या अंदाजाने दहा लाखांहून अधिक माणसे येतात. चार माणसांच्या स्वयंपाकघरात एके दिवशी चाळीस पाने वाढायची असली तर गृहिणीला काय काय करावे लागते याची कल्पना आमच्या माताभगिनींना सहज यावी. शेजारची भांडी आणावी लागतात, जावा-नणंदांना हाताशी घ्यावे लागते, पंगती पाडाव्या लागतात आणि कोणती पंगत आधी बसेल हेही ठरवावे लागते. पंढरीचेही तसेच आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस येतात, गृहरक्षक दलाचे जवान येतात, राज्य राखीव दलाच्या तुकड्या येतात. गावाचे विभाग पाडून प्रत्येक विभाग एकेका अधिकाऱ्याच्या हाती दिला जातो. अवजड वाहने वेशीबाहेर अडवली जातात, एस.टी.ची तात्पुरती स्थानके गावाबाहेर उभी राहतात, मंदिराभोवतीच्या गल्ल्यांतून जाण्याचा मार्ग वेगळा आणि येण्याचा वेगळा असा ठरतो. अलीकडे कॅमेरे आणि ड्रोनही मदतीला आले आहेत.

हे सर्व नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. वारीच्या परंपरेत व्यवस्थेचा विचार फार पूर्वीपासून आहे. माउलींच्या पालखीला आजचे स्वरूप दिले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळच्या हैबतबाबांनी. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा पुरुष. लष्करी शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि रथामागे बाकीच्या, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीचे स्थान ठरलेले. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला चोप उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिने मात्र टाळ वाजवीत राहायचे. मग चोपदार तिच्याकडे जाऊन ते ऐकून घेतो. लाखोंच्या समुदायात कोठे काय बिघडले आहे ते तत्काळ समजावे, यासाठी आजचे अधिकारी बिनतारी संदेशयंत्रे आणि नियंत्रण कक्ष वापरतात. आमच्या वारकऱ्यांनी ते काम टाळांवर भागविले होते.

पालख्यांच्या प्रवेशाचेही तसेच. नवमीला सर्व संतांच्या पालख्या वाखरीस एकत्र येतात, आणि दशमीला ठरलेल्या क्रमाने पंढरीत प्रवेश करतात. ज्ञानोबारायांची पालखी सर्वांच्या शेवटी. या क्रमात मान आहे, भाव आहे, हे खरेच. परंतु सारे प्रवाह एकाच वेळी एका वेशीत घुसले तर काय होईल याचा विचार केला म्हणजे त्या क्रमामागील शहाणपणही ध्यानात येते.

आणखी एक प्रथा पाहा. आषाढीपूर्वी काही दिवस शुभदिन पाहून देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद होते, निद्रा नाही, विश्रांती नाही; दर्शन अहोरात्र चालू राहते. उभे राहून देव शिणतो म्हणून त्याच्या पाठीशी मऊ लोड ठेवतात. पुढे प्रक्षाळपूजा झाली की देवाचे नित्योपचार पुन्हा सुरू होतात. भक्तांसाठी देवाने झोप टाकावी, ही कल्पनाच किती हृद्य आहे! पण तिचा व्यवहारातील उपयोगही पाहावा. दर्शनाचे तास वाढले की तीच गर्दी अधिक वेळात पसरते आणि गाभाऱ्याच्या दारावरील दाब उतरतो. गर्दीच्या नियोजनावर लिहिणारे आजचे तज्ज्ञ पहिला उपाय हाच सांगतात. तरीही पदस्पर्शदर्शनाची रांग मंदिरापासून निघून गोपाळपूर रस्त्यावरील पत्राशेडच्याही पलीकडे जाते, आणि त्या रांगेत लोक कित्येक तास उभे असतात. एवढी रांग शांत ठेवणे हे पोलिसांपुढील खरे काम. पाणी मिळाले, सावली मिळाली, रांग हळूहळू का होईना पण पुढे सरकते आहे असे दिसले, की माणूस घुसखोरी करीत नाही. रांग अडली आणि का अडली ते कळले नाही, की मागून रेटा सुरू होतो.

हा रेटा किती भयंकर असतो हे महाराष्ट्राने दोनदा भोगले आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत २९० हून अधिक जीव गेले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, त्यावर पाय घसरून माणसे पडली आणि मागची त्यांच्यावर कोसळली. क्षोभाने काहींनी दुकानांना आगी लावल्या, त्या आगीत गॅसच्या टाक्या फुटल्या. वर जाणारी वाट अरुंद, ती माणसांनी आणि वाहनांनी भरलेली. मदत यायची कोठून? न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने पुढे या दुर्घटनेची चौकशी केली. देवीला अर्पण केलेल्या नारळाचे पाणी वाहून जायला एक चर नसावा आणि त्यापायी घरेच्या घरे उजाड व्हावीत, हे आठवले की आजही मन विषण्ण होते.

अशा प्रसंगी माणसे तुडवली जाऊनच मरतात असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कित्येकजण उभ्याउभ्याच गुदमरून जातात. एका चौरस मीटर जागेत पाच-सहांहून अधिक माणसे दाटली की गर्दीचे पाणी होते. तिच्यात लाटा उठतात आणि कोणाचेच पाय त्याच्या इच्छेने पडत नाहीत. पुढच्याची किंकाळी मागच्याला ऐकू येत नाही, तो ढकलतच राहतो. म्हणून पोलिसांचा सारा प्रयत्न गर्दी त्या अवस्थेला पोहोचण्यापूर्वीच तिला दूर कोठेतरी, मोकळ्या जागी, थोपवून धरण्याचा असतो. मंदिर समोर दिसत असताना आपल्याला लांबच्या वळशाने का पाठविले, म्हणून पुष्कळजण बंदोबस्तावरील शिपायावर रागावतात. तो बिचारा उन्हापावसात बारा-बारा तास उभा, त्याचेही दर्शन झालेले नसते. त्याच्यावर आवाज चढविण्यापूर्वी वरील दोन तारखा आठवाव्यात, एवढेच आम्ही सुचवू.

आता आगीविषयी. पंढरीतील जुने वाडे लाकडी, गल्ल्या अरुंद, दुतर्फा प्रसादाची, बुक्क्या-कुंकवाची, तुळशीमाळांची दुकाने, वर कापडी आणि प्लॅस्टिकचे छत. नदीच्या पैलतीरावर पासष्ट एकरांच्या तळावर दिंड्यांच्या राहुट्या एकमेकींना लागून. उच्च न्यायालयाने चंद्रभागेच्या वाळवंटात तंबू ठोकण्यास मनाई केल्यावर हा तळ वाढीस लागला. आज भक्तिसागर या नावाने तो ओळखला जातो. तेथे पाणी, शौचालये, दिवे, रस्ते आखलेले आहेत, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. परंतु प्रत्येक दिंडीबरोबर स्वयंपाक आहे, आणि स्वयंपाकाबरोबर गॅसची टाकी आहे. माणसांनी भरलेल्या गल्लीत मोठा बंब शिरत नाही. म्हणून बंब कोठे उभे ठेवायचे, कोणत्या तोंडाने आत यायचे, नळी किती लांब लागेल, रिकामा झालेला बंब कोठे भरायचा, हे यात्रेपूर्वीच गल्लीबोळ पायी हिंडून ठरवावे लागते. एखाद्या दुकानदाराने दोन हात पुढे टाकलेली फळी ही त्या हिशेबात फार मोठी वस्तू ठरते. मंदिर परिसराच्या कॉरिडॉरवरून २०२२ पासून पंढरीत वादळ उठले. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरे-दुकाने त्यात जायची त्यांचे दुःख खोटे नाही, आणि बंबाला वाट हवी हेही खोटे नाही. आमच्या मते घरे पाडण्याची भाषा करण्यापूर्वी रस्त्यावर आलेली अतिक्रमणे यात्रेपुरती नव्हे, बारा महिने दूर ठेवून पाहावीत.

नदीचा धाक वेगळाच. उजनी धरण वरच्या अंगाला. पावसाळ्यात तेथून आणि नीरेवरील वीर धरणातून पाणी सोडले की चंद्रभागा फुगते. म्हणून पाटबंधारे खाते आणि पोलीस यांच्यात सतत निरोप चालू असतात, घाटांवर होड्या आणि पोहणारे तयार असतात. १४ ऑक्टोबर २०२० रोजी अतिवृष्टीत कुंभार घाटाची भिंत कोसळून सहाजण दगावले. तेव्हा तर यात्राही नव्हती. घाटांच्या भिंतींची पाहणी यात्रेच्या तयारीत अगदी वरच्या ओळीत हवी, असे आम्हांस वाटते.

वारीला निघणाऱ्या घरांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी येथे नोंदवितो. लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या खिशात नाव, गाव, दिंडीचा क्रमांक आणि घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी असावी; हरवलेल्या माणसाला घरी पोचविण्याचे निम्मे काम ती चिठ्ठी करते. राहुटीत गॅसची टाकी निजण्याच्या जागेपासून दूर, उघड्यावर ठेवावी. रबरी नळी निघण्यापूर्वी नवी घ्यावी. शेगडीशेजारी पाण्याची आणि वाळूची बादली भरलेली असावी. विजेच्या तारेवर आकडा कदापि टाकू नये. रात्री प्रदक्षिणामार्गावर पथारी पसरताना रुग्णवाहिका जाईल एवढी मधली वाट मोकळी ठेवावी. पुण्याच्या गणेश विसर्जनाच्या तुडुंब मिरवणुकीतही रुग्णवाहिकेसाठी माणसे क्षणात दुभंगतात. वारकरी त्यात कोठेच कमी नाहीत. गर्दीत सापडल्यास हात छातीपुढे धरावेत, म्हणजे श्वासाला जागा राहते; प्रवाहाविरुद्ध न झगडता तिरके तिरके कडेला यावे; पडलेली चप्पल वा पिशवी उचलण्यास वाकू नये. पोलीस, आग आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी ११२ हा एकच क्रमांक पुरतो.

आणि परतीची घाई टाळता आली तर टाळावी. एकादशीची गर्दी सर्वांच्या डोळ्यांपुढे असते, परंतु द्वादशीला पारणे फेडून एकाच प्रहरी स्थानकाकडे धावणारा लोंढा पोलिसांना तितकाच जड जातो. ज्यांना शक्य आहे त्यांनी पौर्णिमेपर्यंत राहावे, गोपाळपूरचा काला घ्यावा आणि मग सावकाश गाडी धरावी.